व्हीएम रोज अकरा वाजता अडते : होस्टवरील प्रोसेस आणि थ्रेड वाचून कारण कसे शोधावे

लालबागमधील एका पतसंस्थेच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. संस्थेचा सर्व्हर म्हणजे पोटमाळ्यावर, जुन्या खतावण्यांच्या कपाटाशेजारी ठेवलेला एकच संगणक आहे : ४ कोअर, ८ लॉजिकल सीपीयू, ६४ जीबी मेमरी. त्यावर लिनक्स आहे, आणि केव्हीएम व क्यूएमू (एका संगणकात आभासी संगणक चालवणारी साधने) यांच्या आधाराने तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक (व्हीएम), चालतात. एका व्हीएमवर खातेवहीचा डेटाबेस आहे, दुसऱ्यावर पासबुक छपाईसाठी व अहवालांसाठी विंडोज आहे आणि तिसऱ्यावर कार्यालयाच्या फायली आहेत. ज्या खऱ्या संगणकावर हे सारे उभे आहे त्याला पुढे होस्ट म्हणतो आणि व्हीएमच्या आत चालणाऱ्या प्रणालीला गेस्ट म्हणतो.

तक्रार अशी होती की कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, पिग्मीचे प्रतिनिधी आदल्या दिवशीचा भरणा जमा करण्यासाठी रांगेत उभे असताना, काउंटरवरील काम अडत असे. एरवी एक-दोन सेकंदांत उमटणारी नोंद अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने उमटे. वीस-पंचवीस मिनिटांनी सारे आपोआप सुरळीत होई. मधल्या काळात कोणीतरी खातेवहीचे व्हीएम बंद करून पुन्हा चालू करी, आणि डेटाबेस उभा राहून सर्व टेबलांवरून लॉगिन होईपर्यंत ती वीस मिनिटे उलटून गेलेली असत. त्यामुळे ‘रिस्टार्ट केले की बरे होते’ असा समज पक्का झाला होता. दुखणे वेळेने जात होते आणि श्रेय रिस्टार्टला मिळत होते. हा समज मोडल्याशिवाय खऱ्या कारणाकडे कोणी पाहणार नव्हते, म्हणून मी पहिली विनंती केली ती एवढीच, की उद्या अकरा वाजता कोणीही काहीही बंद करू नये.

ही विनंती करण्यामागे आणखी एक कारण होते. आदल्या आठवड्यात संस्थेतील एका कर्मचाऱ्याने होस्टवर एचटॉप हे चालू कामांची यादी दाखवणारे साधन उघडले होते. त्यात एकाच नावाच्या वीसहून अधिक ओळी एकाखाली एक दिसल्या आणि प्रत्येक ओळीसमोर सुमारे १६ जीबी मेमरी लिहिलेली होती. एकच व्हीएम चुकून वीस वेळा उघडले गेले असून त्यानेच मेमरी खाल्ली आहे, असा अर्थ त्यांनी लावला आणि सर्वांत खालची ओळ निवडून ती ‘किल’, म्हणजे सक्तीने बंद, केली. त्याच क्षणी खातेवहीचे संपूर्ण व्हीएम बंद पडले. डेटाबेस अर्ध्या व्यवहारात तुटला, त्याने पुन्हा सुरू होताना स्वतःची डागडुजी केली, आणि दुपारी रोख शिल्लक जुळवायला दोन माणसांना तासभर बसावे लागले. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. पडद्यावर जे दिसत होते त्याचा तो सरळ अर्थ होता, पण तो चुकीचा होता, आणि तो का चुकीचा होता हे समजल्याशिवाय होस्टवरचे काहीच नीट वाचता येत नाही.

एक व्हीएम, एक प्रोसेस, अनेक थ्रेड

केव्हीएम हा लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, २००७ साली, २.६.२० या आवृत्तीत आला. त्याच्या रचनेतला मुख्य निर्णय असा होता की व्हीएमसाठी वेगळा शेड्युलर (सीपीयूच्या पाळ्या वाटणारा भाग) लिहायचा नाही. व्हीएम ही होस्टच्या दृष्टीने एक साधी प्रोसेस, म्हणजे एक चालू प्रोग्राम, असेल आणि गेस्टला दिलेला प्रत्येक आभासी सीपीयू हा त्या प्रोसेसमधील एक साधा थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, असेल. खरा सीपीयू कोणाला, केव्हा आणि किती वेळ द्यायचा हे लिनक्सचा नेहमीचा शेड्युलरच ठरवेल, जसे तो एखाद्या ब्राउझरच्या किंवा बॅकअपच्या थ्रेडबद्दल ठरवतो. आपल्यासारख्या देखभाल करणाऱ्यांसाठी हा निर्णय मोठ्या सोयीचा आहे, कारण प्रोसेस आणि थ्रेड पाहण्याची जी साधने आपण रोज वापरतो तीच व्हीएमलाही पुरतात.

म्हणून होस्टवर पाहिले की प्रत्येक चालू व्हीएममागे क्यूएमूची एकच प्रोसेस दिसते. तिची पूर्ण आज्ञा वाचली तर ‘नेम गेस्ट’ या शब्दांपुढे व्हीएमचे नाव सापडते. कोणती प्रोसेस कोणत्या व्हीएमची हे ओळखण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. गेस्टमध्ये चालणारे डेटाबेस, प्रिंटर सेवा, अँटिव्हायरस वगैरे यांतील एकही नाव होस्टवर दिसत नाही. आत तीनशे प्रोसेस असल्या तरी होस्टला दिसतात ते फक्त व्हीसीपीयूचे (आभासी सीपीयूचे) थ्रेड, म्हणजे आतल्या सर्वांनी मिळून वापरलेला वेळ.

त्या एका प्रोसेसमध्ये व्हीसीपीयूच्या थ्रेडखेरीज इतरही थ्रेड असतात. टॉप ही आज्ञा मोठ्या एचच्या पर्यायासह दिली आणि लहान पीपुढे प्रोसेसचा क्रमांक दिला, की एका व्हीएमचे सर्व थ्रेड वेगवेगळे दिसतात. पडद्यावर त्यांची नावे रोमन अक्षरांत असतात. मी ती येथे उच्चाराप्रमाणे लिहितो. ‘सीपीयू ०/केव्हीएम’, ‘सीपीयू १/केव्हीएम’ असे एकामागून एक येणारे थ्रेड म्हणजे गेस्टचे आभासी सीपीयू. ‘क्यूएमू-सिस्टम-एक्स८६’ या नावाचा थ्रेड म्हणजे प्रोसेसचा मुख्य थ्रेड, जो बऱ्याचशा आभासी उपकरणांची कामे पाहतो. त्याचे नाव अर्धवट दिसते कारण लिनक्स थ्रेडच्या नावाची पंधराच अक्षरे जपून ठेवतो. ‘वर्कर’ नावाचे थ्रेड डिस्कच्या वाचन-लेखनासाठी गरजेप्रमाणे जन्माला येतात आणि काम नसले की काही सेकंदांत नाहीसे होतात, त्यामुळे थ्रेडची संख्या दर वेळी वेगळी दिसली तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. व्हीएनसीचा किंवा स्पाइसचा (व्हीएम दुरून पाहण्याचा) पडदा जोडलेला असेल तर त्याचाही थ्रेड असतो, आणि आयओथ्रेड (वाचन-लेखनासाठीचे वेगळे थ्रेड) मुद्दाम नेमलेले असतील तर तेही स्वतंत्र नावाने दिसतात. ही नावे दिसण्यासाठी क्यूएमूमध्ये थ्रेडचे नामकरण चालू असावे लागते. लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या साधनामार्फत सुरू केलेल्या व्हीएममध्ये ते चालू असते. हाताने आज्ञा देऊन सुरू केलेल्या जुन्या व्हीएममध्ये सर्व थ्रेड एकाच नावाने दिसू शकतात.

नेटवर्कची गोष्ट थोडी वेगळी आहे. व्हर्टिओ (खास व्हीएमसाठी बनवलेले आभासी) नेटवर्क कार्ड वापरताना पॅकेटांची ने-आण बहुधा ‘व्हीहोस्ट’ नावाचा थ्रेड करतो आणि त्याच्या नावापुढे व्हीएमच्या प्रोसेसचा क्रमांक असतो. कर्नल ६.४ च्या आधी हा थ्रेड कर्नलचा स्वतंत्र थ्रेड म्हणून, प्रोसेसच्या बाहेर दिसत असे; त्यानंतरच्या कर्नलमध्ये तो क्यूएमूच्या प्रोसेसमध्येच मोजला जातो. होस्टचे कर्नल बदलल्यानंतर ‘हेच व्हीएम आता जास्त सीपीयू खाऊ लागले’ असे वाटले, तर आधी हा फरक तपासावा.

आता एचटॉपमधील त्या वीस ओळींकडे परत येऊ. एचटॉप मुळातच प्रत्येक थ्रेडची वेगळी ओळ दाखवतो. एका प्रोसेसमधील सर्व थ्रेड एकच मेमरी वापरतात, म्हणून प्रत्येक ओळीसमोर तोच १६ जीबीचा आकडा पुन्हा पुन्हा छापला जातो. तो आकडा वीस वेळा मिळवायचा नसतो, एकदाच वाचायचा असतो. एचटॉपमध्ये मोठा एच दाबला की थ्रेडच्या ओळी लपतात आणि वीस ओळींची एक ओळ होते. राहिला प्रश्न किल करण्याचा : लिनक्समध्ये एखाद्या थ्रेडच्या क्रमांकावर मारण्याचा सिग्नल पाठवला तरी तो साऱ्या प्रोसेसला लागतो. आभासी सीपीयूंपैकी ‘एक काढून टाकण्याचा’ हा मार्ग नव्हेच. तो चालत्या मशीनची वायर उपटण्यासारखा प्रकार आहे. थ्रेडच्या ओळीवर किल वापरू नये, हा नियम त्या दिवसानंतर संस्थेत लिहून लावला आहे.

वापर मोजला, पण प्रतीक्षा मोजली नाही

दुसऱ्या दिवशी मी साडेदहालाच पोटमाळ्यावर जाऊन बसलो. माझ्याआधी दोन उपाय झालेले होते. खातेवहीच्या व्हीएमला आधी ४ व्हीसीपीयू होते, ते वाढवून ८ केले होते. विंडोजच्या व्हीएमलाही छपाई मंद होते म्हणून ८ दिले होते. म्हणजे ८ लॉजिकल सीपीयूंच्या होस्टवर फक्त या दोन व्हीएमचे मिळून १६ व्हीसीपीयू होते, फायलींच्या व्हीएमचे २ वेगळे. वाढवल्यानंतर त्रास कमी न होता वाढला, असे सगळ्यांचेच म्हणणे होते, पण त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता.

अकरा वाजून सात मिनिटांनी काउंटरवरून हाक आली. मी आधी गेस्टमध्ये पाहिले. डेटाबेसच्या देखरेखीचा आलेख सीपीयूचा वापर ४५ टक्क्यांच्या आसपास दाखवत होता. याच आलेखावरून इतके दिवस ‘सीपीयू तर अर्धा रिकामा आहे, दोष डिस्कचा असणार’ असे ठरवले जात होते. मग गेस्टमध्येच टॉप उघडून सीपीयूची ओळ वाचली. तिच्या अगदी शेवटी ‘एसटी’ हा रकाना असतो. गेस्टला काम करायचे होते, पण होस्टने त्याला खरा सीपीयू दिला नाही, असा वेळ त्या रकान्यात मोजला जातो. तेथे ४० च्या वर आकडा होता. उरलेला अर्धा सीपीयू रिकामा नव्हता. तो मिळतच नव्हता, आणि आलेखाने तो रकाना मोजलाच नव्हता. लिनक्स गेस्टमध्ये निदान हा रकाना असतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तोही नाही, म्हणून विंडोज गेस्टबद्दल निर्णय नेहमी होस्टवर पाहूनच करावा.

होस्टवर दोन्ही व्हीएमचे थ्रेड उघडले. खातेवहीचे आठही सीपीयू थ्रेड ‘आर’ या अवस्थेत होते आणि प्रत्येकाचा वापर ४० ते ५० टक्के होता. येथेच बहुतेक जण फसतात, आणि पूर्वी मीही फसलो आहे. ‘आर’ म्हणजे धावणारा, असे आपण वाचतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘धावण्यास तयार’ इतकाच आहे. त्यात सीपीयूवर बसलेला थ्रेडही येतो आणि सीपीयूच्या दाराशी थांबलेला थ्रेडही येतो. बँकेत टोकन घेऊन बाकावर बसलेला माणूस आणि खिडकीशी उभा असलेला माणूस दोघेही ‘कामासाठी आलेले’च असतात, पण किती लोक खिडकीशी पोचले आणि किती बाकावर आहेत हे हजेरीपटावरून कळत नाही. एखादा थ्रेड सतत ‘आर’ दिसतो आणि तरी त्याचा वापर शंभरच्या जवळ जात नाही, तर बाकीचा वेळ तो थांबून आहे, असे समजावे आणि तो किती थांबतो हे मोजावे.

मोजण्याची जागा लिनक्स स्वतःच देतो. प्रॉक या आभासी फाइलव्यवस्थेत प्रत्येक प्रोसेसच्या फोल्डरमध्ये ‘टास्क’ हा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक थ्रेडच्या क्रमांकाचा एक फोल्डर असतो आणि त्यात ‘शेडस्टॅट’ नावाची फाइल असते. या फाइलमध्ये तीनच आकडे असतात : थ्रेडने सीपीयूवर घालवलेला वेळ, सीपीयूच्या रांगेत थांबून घालवलेला वेळ, आणि त्याला मिळालेल्या पाळ्यांची संख्या. पहिले दोन नॅनोसेकंदांत असतात आणि थ्रेड सुरू झाल्यापासून साठत जातात, म्हणून फाइल दोनदा वाचून फरक काढायचा. खातेवहीच्या ‘सीपीयू २/केव्हीएम’ या थ्रेडचे दहा सेकंदांच्या अंतराने घेतलेले आकडे असे होते :

पहिले वाचन : १६२४४०३११९०२७ ६३०११८२२०४१३ ४१२०३३
दुसरे वाचन : १६२९०११८७४३१० ६३५००२९३५११८ ४१४१७६

पहिल्या आकड्यांतील फरक सुमारे ४.६ अब्ज, म्हणजे ४.६ सेकंद. दुसऱ्यांतील फरक सुमारे ४.९ अब्ज, म्हणजे ४.९ सेकंद. दहा सेकंदांपैकी हा थ्रेड ४.६ सेकंद धावला, ४.९ सेकंद नुसता रांगेत थांबला, आणि उरलेला अर्धा सेकंद त्याला काम नव्हते. गेस्टच्या आतून पाहिले तर सीपीयू मधूनमधून गोठत होता आणि का गोठतो हे आतल्या कोणालाही कळू शकत नव्हते. सिसस्टॅट या पॅकेजमधील पिडस्टॅट ही आज्ञा लहान टीच्या पर्यायासह वापरली तर हाच हिशेब ‘वेट’ नावाच्या रकान्यात टक्क्यांत मिळतो, आणि रोजच्या वापराला ती अधिक सोयीची आहे. तरी पहिल्यांदा आकडे हाताने वजा करून पाहावेत असे मला वाटते, कारण ४.९ सेकंद हा आकडा स्वतः काढल्यावर जे पटते ते टक्केवारीने पटत नाही.

थांबावे का लागत होते, हे आता दुसऱ्या व्हीएमच्या थ्रेडवरून उघडच होते. विंडोजचे आठही सीपीयू थ्रेड कामाने भरलेले होते आणि त्यांनाही जवळजवळ तेवढाच वाटा मिळत होता. होस्टच्या शेड्युलरला खातेवही महत्त्वाची आणि विंडोज कमी महत्त्वाचे हे ठाऊक नसते. त्याच्यापुढे सोळा भुकेले थ्रेड होते, पाने आठ होती, आणि त्याने समान वाढले.

विंडोजच्या आत पाहिले तर अँटिव्हायरसची संपूर्ण तपासणी चालू होती. ती रात्री दोन वाजता ठरवलेली होती. पण संध्याकाळी संस्था बंद करताना सर्व्हरही बंद करण्याची येथे जुनी शिस्त आहे. सकाळी साडेनऊला होस्ट व खातेवही सुरू होते आणि पासबुकाची खिडकी अकराला उघडत असल्याने विंडोजचे व्हीएम पावणेअकराच्या पुढे सुरू केले जाते. रात्री चुकलेली तपासणी व्हीएम चालू झाल्यावर थोड्याच वेळात सुरू होई आणि मिळतील तेवढे सीपीयू वापरी. ८ व्हीसीपीयू दिलेले असल्याने तिने आठही वापरले. पूर्वी २ असताना ती दोनच वापरत असे, खातेवहीला सहा उरत असत, आणि म्हणून तेव्हा त्रास जाणवण्याइतका होत नसे.

व्हीसीपीयू वाढवल्याने त्रास का वाढला याचे दुसरे कारण खातेवहीच्या स्वतःच्या आत होते आणि ते अधिक सूक्ष्म आहे. गेस्टचे कर्नल व डेटाबेस यांच्यात अनेक ठिकाणी कुलुपे असतात. एका व्हीसीपीयूवर चालणाऱ्या कामाने कुलूप घेतले आणि नेमक्या त्याच वेळी होस्टने तो थ्रेड सीपीयूवरून उतरवला, तर इतर व्हीसीपीयू त्या कुलुपाची वाट पाहत बसतात, आणि काही वेळा ही वाट पाहणे म्हणजे सीपीयू जाळत फिरत राहणे असते. खऱ्या मशीनवर कुलूप काही मायक्रोसेकंदांत सुटले असते. येथे ते धरणाऱ्या थ्रेडची पाळी पुन्हा येईपर्यंत सुटत नाही. हे टाळण्यासाठी आधुनिक प्रोसेसरमध्ये आणि केव्हीएममध्ये तरतुदी आहेत, पण त्या तोटा कमी करतात, नाहीसा करत नाहीत. व्हीसीपीयू जितके जास्त आणि सीपीयूसाठी ओढाताण जितकी अधिक, तितके असे प्रसंग वाढतात. म्हणून मंदपणाच्या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून व्हीसीपीयू वाढवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. आधी प्रतीक्षेचा आकडा पाहावा. तो मोठा असेल तर व्हीसीपीयू कमी करणे हाच बहुधा उपाय असतो.

त्यात ८ लॉजिकल सीपीयू म्हणजे ८ कोअर नव्हेत, हेही विसरले जाते. एका कोअरवरील दोन लॉजिकल सीपीयू त्याच कोअरची साधने वाटून घेतात. दोन्ही भरलेले असताना प्रत्येकाचा वेग एकट्यापेक्षा कमी असतो आणि हा तोटा ‘एसटी’तही दिसत नाही, शेडस्टॅटमध्येही दिसत नाही. व्हीसीपीयूंचा हिशेब करताना मी कोअर मोजतो, लॉजिकल सीपीयू मोजत नाही.

काय बदलले

विंडोजचे व्हीसीपीयू ८ वरून २ केले आणि खातेवहीचे ८ वरून पुन्हा ४ केले. हा बदल लिबव्हर्टच्या व्हर्श या साधनाने नोंदवला आणि व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो लागू झाला. गेस्टच्या आतून नुसते रिस्टार्ट करून तो लागू होत नाही. खातेवहीच्या व्हीएमचे सीपीयूतील वजन, जे मुळात १०० होते, ते ३०० केले. हे वजन फक्त ओढाताणीच्या वेळीच लागू होते. एरवी सीपीयू मोकळे असतील तर विंडोजलाही ते पूर्ण मिळतात. अँटिव्हायरसची तपासणी दुपारी अडीचला, जेवणाच्या सुट्टीत ठेवली आणि चुकलेली तपासणी नंतर आपोआप चालवण्याची सोय बंद केली. तपासणी अजिबात बंद करावी अशी सूचना आली होती. लोकांच्या पैशांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत ती मी मान्य केली नाही.

प्रत्येक व्हीसीपीयू थ्रेड एकेका खऱ्या सीपीयूला बांधून टाकावा, असेही एकाने सुचवले. मोठ्या, अनेक सॉकेटच्या (एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या) सर्व्हरवर त्याचा खरोखर उपयोग होतो. ४ कोअरच्या मशीनवर तीन व्हीएम असताना थ्रेड बांधले, तर एका सीपीयूपाशी रांग आणि शेजारचा रिकामा अशी स्थिती आपणच निर्माण करतो. लहान होस्टवर वजने पुरतात.

पुढच्या सोमवारी, गर्दीच्या वेळी पुन्हा तेच वाचन घेतले. दहा सेकंदांत खातेवहीचा थ्रेड ३.१ सेकंद धावला आणि ०.२ सेकंद थांबला. नोंदी पूर्वीसारख्या एक-दोन सेकंदांत होऊ लागल्या. ८ च्या जागी ४ व्हीसीपीयू असूनही काम अधिक वेगाने होत होते.

हीच तक्रार, कारणे निराळी

ऑक्टोबरमध्ये ‘पुन्हा अडते आहे’ असा फोन आला, या वेळी दुपारी तीननंतर. मी होस्टवरील आकडे फोनवरूनच वाचून घेतले. प्रतीक्षा जवळजवळ शून्य होती आणि गेस्टमध्ये ‘एसटी’ही शून्य होता, म्हणजे थ्रेडला सीपीयू हवा तेव्हा मिळत होता. तरीही काम मंद होते, कारण सीपीयूच मंद चालत होता. होस्टवर सीपीयूची चालू फ्रीक्वेन्सी पाहिली तर ती नेहमीच्या निम्म्याहून खाली आली होती. पोटमाळ्यावरचा एक्झॉस्ट पंखा धुळीने जाम झाला होता आणि पत्र्याखालच्या त्या उष्म्यात प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होता. पंखा साफ केला, सर्व्हर कपाटापासून हातभर पुढे ओढला आणि त्याच संध्याकाळी वेग पूर्ववत झाला. मुंबईत ज्यांचे सर्व्हर अशा जागी आहेत त्यांनी पावसाळा संपताच पंखे आणि हवेच्या जाळ्या उघडून पाहाव्यात.

व्हीसीपीयूचे थ्रेड जवळजवळ शांत आहेत, पण ‘वर्कर’ थ्रेड अनेक आहेत आणि ‘डी’ (डिस्कची वाट पाहण्याच्या) अवस्थेत अडकलेले आहेत, असे दिसले तर दोष डिस्ककडे आहे. गेस्टमध्ये त्याच वेळी टॉपमधील ‘डब्ल्यूए’चा (डिस्कच्या प्रतीक्षेचा) आकडा चढलेला असतो. तेथे सीपीयूला हात लावण्यात अर्थ नाही. फक्त मुख्य थ्रेडच शंभर टक्क्यांवर असेल, तर गेस्टला व्हर्टिओऐवजी जुन्या पद्धतीची आभासी डिस्क किंवा कार्ड दिलेले आहे का ते पाहावे, कारण त्या उपकरणांचे बरेचसे काम या एकाच थ्रेडच्या वाट्याला येते.

याउलट, गेस्ट निवांत असताना होस्टवर त्याचे थ्रेड थोडा सीपीयू खाताना दिसले तर तो बिघाड असेलच असे नाही. गेस्टचा सीपीयू थांबला की केव्हीएम त्याला लगेच झोपवत नाही. क्षणभर, एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर मुळातल्या मांडणीत २०० मायक्रोसेकंदांपर्यंत, नवे काम येते का ते पाहत राहतो, म्हणजे काम आल्यास ते चटकन उचलता येते. वारंवार जागा होणाऱ्या गेस्टमध्ये या क्षणांची बेरीज होस्टवर दिसण्याइतकी होते.

ज्यांचा होस्ट लिनक्स नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की मांडणी तीच असली तरी पाहण्याची जागा बदलते. व्हर्च्युअलबॉक्समध्येही प्रत्येक व्हीएमची स्वतंत्र प्रोसेस असते आणि व्हीसीपीयूचे थ्रेड ‘ईएमटी’ या नावाने ओळखले जातात. विंडोजवरील हायपर-व्हीमध्ये प्रत्येक व्हीएमसाठी ‘व्हीएमडब्ल्यूपी’ ही प्रोसेस असते, पण तेथे होस्टचे विंडोज स्वतःच हायपरवायझरच्या (व्हीएम चालवणाऱ्या थराच्या) वर चालत असल्याने गेस्टचा सीपीयू वापर टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही. तो परफॉर्मन्स मॉनिटरमधील हायपरवायझरच्या काउंटरांमधूनच पाहावा लागतो. टास्क मॅनेजर शांत आहे म्हणून होस्ट शांत आहे, असे हायपर-व्हीवर कधीही धरून चालू नये.

पोटमाळ्यावर सर्व्हरशेजारी आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तीन व्हीएमची नावे आहेत, प्रोसेसचा क्रमांक कसा शोधायचा, थ्रेडच्या ओळी कशा उघडायच्या आणि शेडस्टॅट दहा सेकंदांनी दोनदा कसे वाचायचे हे पायरीपायरीने लिहिले आहे. पूर्वी ज्यांनी ती ओळ किल केली होती, तेच कर्मचारी आता काही अडले की आधी हे आकडे वहीत उतरवतात आणि मग मला फोन करतात. गेल्या महिन्यात त्यांनी फोनवर पहिले वाक्य सांगितले ते असे : “सर, थांबलेला वेळ शून्य आहे, वर्कर सगळे डीमध्ये आहेत, मी डिस्कचे केबल बघू का?”